पाण्याची पातळी आणि सांडवा : घरच्या तलावाचा एक धडा



आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण गावच्या विहिरीच्या काठी किंवा मुंबई-ठाण्याच्या चाळीतील नळाखाली गेले. नळ आला की बादल्या, हंडे, पिंप भरून ठेवायचे, हे आपण लहानपणीच शिकलो. पाणी कमी पडले तर काय करावे हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण साठवलेले पाणी जास्त झाले तर ते कोठे पाठवावे, हा प्रश्न आपल्या घरात कधी उठलाच नाही. मोरीत ओतले की काम झाले.

माझ्या मुलाने ऑकलंडच्या आग्नेयेस फ्लॅट बुश येथे घर घेतले. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. मुलगा व सून कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात. सबब तलावाचे खाते माझ्याकडे आले. सारे आयुष्य मुलांना गणित आणि शास्त्र शिकवलेल्या बाईला एका तलावाचे काय कठीण, असे मला वाटले. परंतु २७ जानेवारी २०२३ च्या शुक्रवारी माझी परीक्षा झाली आणि तीत मी साफ नापास झाले. तो प्रसंग आधी सांगते आणि मग धडा घेते, म्हणजे धड्याची गरज का आहे हे आपोआप कळेल.

त्या दिवशी दुपारनंतर ऑकलंडवर जो पाऊस कोसळला तसा तेथील नोंदींत पूर्वी नव्हता. विमानतळाच्या हवामान केंद्रावर एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मोजला गेला. या पुरात चार माणसे दगावली आणि रात्री शहरात आणीबाणी जाहीर झाली. आमच्या घरी शब्बाथचे जेवण मांडून झाले होते, दिवे लावायची वेळ होत आली होती. मी खिडकीतून पाहिले तर तलाव काठोकाठ भरलेला, आणि काठावरून पाण्याचा पातळ पदर फरशीवरून घराच्या सरकत्या दाराकडे येत होता.

मी छत्री घेऊन धावले आणि दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की, घराच्या भिंतीलगत सांडपाण्याची एक जाळी असते, ती मी मुंबईची मोरी समजून उचलली. थोडा वेळ पाणी गुडगुडत आत गेले. मग आतूनच वर येऊ लागले. मी घाबरून जाळी परत बसवली. दुसरी अशी की, तलावाच्या भिंतीत वरच्या बाजूला एक लहान जाळीदार छिद्र आहे, त्यात पानांचा गोळा बसला होता. तो मी हाताने ओढून काढला. क्षणात पाणी सूं करून त्यात ओढले गेले आणि पातळी वाढायची थांबली. मी देवाचे आभार मानले, घरात आले आणि सुनेला म्हटले, ‘‘बघ गं, अनुभव तो अनुभव.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या अंगाचे शेजारी दारात उभे राहिले. ते वयाने माझ्याएवढेच, चिनी गृहस्थ, एकटे राहणारे. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. मला कुंपणापाशी नेले आणि बोट दाखवले. आमच्या बाजूने आलेल्या एका पांढऱ्या नळाचे तोंड कुंपणाखाली उघडेच संपत होते. तलावाच्या त्या छिद्राचा नळ तो हाच. तलाव बांधणाऱ्याने तो कोठेच जोडला नव्हता. नुसता उताराकडे सोडून दिला होता. मी रात्री मोठ्या अभिमानाने मोकळी केलेली वाट त्यांच्या गॅरेजात जात होती. तेथे तांदळाची पोती भिजली होती, आणि त्यांच्या कुटुंबाच्या जुन्या फोटोंचे एक खोके भिजले होते.

तांदूळ आम्ही भरून दिला. फोटो भरून देता येत नाहीत. आठवडाभर माझ्या सुनेने आणि मी ते एकेक सुटे करून टिपकागदावर वाळवले. बरेच वाचले, काही गेले.

तेव्हा आता धडा. तो सहा भागांत घेऊ.

१. खूण

प्रत्येक साठ्याला दोन खुणा असतात : याच्या खाली नको आणि याच्या वर नको. इस्राएलातील आपल्या नातेवाइकांना हे सांगायला नको. किन्नेरेत सरोवराची पातळी तेथे बातम्यांत सांगतात. वरची तांबडी रेघ समुद्रसपाटीच्या खाली २०८.८ मीटरवर आणि खालची २१३ मीटरवर धरली आहे. पाणी वरच्या रेघेपाशी आले की देगानियाच्या धरणाची दारे उघडून ते यार्देन नदीत सोडता येते, म्हणजे तिबेर्याच्या काठावरील वस्तीत पाणी शिरत नाही.

घरच्या तलावात ही खूण स्किमरवर असते. स्किमर म्हणजे तलावाच्या भिंतीतील चौकोनी तोंड. पंप तेथून वरच्या थराचे पाणी ओढतो आणि त्याबरोबर पाने, किडे, केस आतल्या टोपलीत येतात. पाणी या तोंडाच्या साधारण निम्म्यावर असावे. थोडे वर चालेल. ते फार खाली गेले तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पंपाला पाणीच थंड ठेवते. कोरडा चालला तर त्याचे सील तापून खराब होते. उलट पाणी स्किमरच्या तोंडाच्या वर गेले तर वरचा थर आत ओढला जात नाही, पाने तरंगत राहून कुजतात, आणि पुढच्या पावसासाठी जागा उरत नाही.

आम्ही स्किमरशेजारच्या टाइलवर न पुसणाऱ्या रंगाने एक रेघ ओढली आहे. रोज सकाळी चहा झाल्यावर नातू जाऊन पाहतो आणि सांगतो, ‘‘आजी, रेघेवर,’’ किंवा ‘‘आजी, दोन बोटे खाली.’’ एवढ्या एका सवयीने निम्मी काळजी गेली.

२. घट

तलावाचे पाणी चार मार्गांनी कमी होते : वाफ होऊन, पोहणाऱ्यांच्या उड्यांनी, गाळणी उलट धुताना आणि गळतीने. पहिले तीन नैसर्गिक आहेत. चौथा रोग आहे. रोग आहे की नाही हे कसे ओळखावे?

एक बादली घ्या. तळाशी दगड ठेवून ती तलावाच्या पायरीवर उभी करा. बादलीत तलावाचेच पाणी इतके भरा की आतील व बाहेरील पातळी एक होईल. दोन्ही ठिकाणी खूण करा. पंप बंद ठेवा, कोणी पोहू नये, पाऊस नसावा. चोवीस तासांनी पाहा. बादलीतले पाणी फक्त वाफेने कमी होईल. तलावातले वाफेने आणि गळतीने. दोन्ही सारखे उतरले तर गळती नाही. तलावातले जास्त उतरले तर जो फरक तीच गळती.

उदाहरण करू. आमचा तलाव ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हे सूत्र पाठ करून ठेवा, पुढे पुष्कळदा लागेल. समजा बादलीत ५ मिलिमीटर घट झाली आणि तलावात १२. वाफ ५ मिलिमीटर, म्हणजे १६० लिटर. उन्हाळ्यातल्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हे नवल नाही. उरलेले ७ मिलिमीटर गळती, म्हणजे रोज २२४ लिटर. ते घराच्या पायाखाली कोठे जाते याचा विचार करा.

हाच प्रयोग एकदा पंप चालू ठेवून करावा. पंप चालू असतानाच जास्त घट होत असेल तर दोष बहुधा पंपाकडून तलावाकडे परत येणाऱ्या नळात. पाणी स्किमरच्या तळापर्यंत उतरून तेथेच थांबत असेल तर दोष स्किमरात.

काही तलावांना पाणी आपोआप भरणारा बॉलकॉक असतो. सोय चांगली, पण तिचा एक तोटा आहे : गळती झाकली जाते. पातळी नेहमी रेघेवर दिसते आणि पाण्याचे बिल मात्र वाढत जाते. मुंबईत गच्चीवरची टाकी वाहू लागली की खाली सर्वांना कळे. येथे उलट, काहीच दिसत नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशी तो बॉलकॉक बंद करावा.

पाणी भरताना बागेच्या नळीचे टोक तलावात बुडवून ठेवू नये. मुख्य नळातील दाब अचानक कमी झाला तर तलावाचे पाणी उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. टोक पाण्याच्या वर अधांतरी राहील असे बांधावे.

आणि पाणी जपावे. ऑकलंडला पुष्कळसे पाणी आमच्या पूर्वेच्या हुनुआ डोंगरांतील धरणांतून येते. २०२० साली ती आटली, मे महिन्यापासून बागेत नळीने पाणी घालण्यावर निर्बंध आले, आणि ते पूर्णपणे उठायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. अशा वेळी तलावावर आच्छादन घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वाफ पुष्कळच कमी होते.

३. भर

आता पावसाचे गणित. अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला. तलावाच्या स्वतःच्या तोंडात किती पाणी आले? ३२ गुणिले २५० म्हणजे ८,००० लिटर. आमच्या रेघेपासून काठापर्यंत १२ सेंटिमीटर जागा आहे. तीत मावते ३२ गुणिले १२० म्हणजे ३,८४० लिटर. म्हणजे नुसत्या आभाळातून पडलेल्या पाण्यानेही तलाव दुप्पट भरला असता.

पण तेवढ्यावर भागले नाही. तलावाभोवतीची सुमारे २० चौरस मीटर फरशी तलावाकडेच उतरती घातली होती. तिचे ५,००० लिटर पाणी तलावातच आले. एकूण १३,००० लिटर आले, मावण्याजोगे ३,८४०, आणि वाट शोधायला उरले ९,१६० लिटर. शेजाऱ्यांच्या गॅरेजात काय गेले ते या वजाबाकीत आहे.

मुंबईकर वाचक म्हणतील, अडीचशेचे काय कौतुक? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. खरे आहे. तोच पाऊस या तलावावर पडता तर ३०,२०८ लिटर झाले असते. गणित तेच राहते. आकडा तेवढा बदलतो. आपल्या तलावाची लांबी-रुंदी आणि रेघेपासून काठापर्यंतचे अंतर मोजून प्रत्येकाने आपला आकडा आजच काढून ठेवावा.

यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. फरशीचे, छपराचे, बागेचे पाणी तलावात येता कामा नये. छपराच्या पन्हळीचे एक तोंड जरी तुंबून तलावाकडे वाहू लागले, तर दोनशे चौरस मीटरच्या छपरावरून ताशी ६० मिलिमीटरच्या पावसात दर मिनिटाला २०० लिटर पाणी येते. तलावाचा लहानसा नळ इतके पाणी घेऊ शकत नाही.

४. सांडवा

धरणाला सांडवा असतो हे आपण भूगोलात शिकलो. हुनुआच्या धरणांनाही आहे. धरणाचा बांध कितीही भक्कम असला तरी पाणी त्याच्या माथ्यावरून जाऊ नये, ठरलेल्या वाटेनेच जावे, म्हणून ही सोय. गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू नदीवरील दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले, तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या आवाक्याबाहेरचा होता आणि पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागले होते. हजारो माणसे गेली.

आपल्या पूर्वजांची गावे ज्या अलिबाग-पेणच्या पट्ट्यात आहेत, तेथील खारेपाटातील शेतकरी हे शास्त्र पुस्तकाशिवाय जाणत होता. खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून तो बांध घाली. पण पावसाचे गोडे पाणी आत साठून भात कुजू नये म्हणून त्याच बांधात उघाडी ठेवी. उघाडीचे दार असे बसवलेले असते की ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. पाणी जाईल, पण येणार नाही.

तलावाच्या भिंतीतील ते जाळीदार छिद्र हा आपला सांडवा. त्याची तपासणी तीन प्रश्नांनी करावी.

पहिला : ते मोकळे आहे का? पाने, मुलांची खेळणी, कोळ्याची जाळी, सारे तेथेच जाऊन बसते. महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओतून पाहावे.

दुसरा : ते योग्य उंचीवर आहे का? पोहण्याच्या रेघेच्या वर आणि काठाच्या पुरेसे खाली असावे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : त्याचे दुसरे टोक कोठे आहे? पहिले दोन प्रश्न मला निदान सुचले असते. तिसरा सुचला नाही. तोंड दिसते, टोक दिसत नाही, म्हणून आपण ते विसरतो. घराच्या गटारांचा नकाशा कौन्सिलकडे मिळतो; तो मागवून टोक प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

येथील कायदाही हेच सांगतो. न्यूझीलंडच्या इमारत नियमांत पावसाच्या पाण्याविषयी असे आहे की, दरवर्षी १० टक्के शक्यता असलेला पाऊस, म्हणजे सरासरीने दहा वर्षांतून एकदा येणारा, आपल्या बांधकामावरून वाहून दुसऱ्याच्या मालमत्तेला नुकसान किंवा उपद्रव करता कामा नये. आमच्या नळाला तर साधा पाऊसही पुरला असता. त्या रात्रीपर्यंत तो पानांनी बंद होता, एवढेच.

५. दोन गटारे

हा भाग आपल्या लोकांना सर्वांत नवा आहे, म्हणून सावकाश वाचावा.

फ्लॅट बुशसारख्या नव्या वस्तीत जमिनीखाली दोन वेगळी गटारे आहेत. एक पावसाच्या पाण्याचे. अंगणातील व रस्त्यातील जाळ्यांतून गेलेले पाणी यातून शुद्धीकरण न होता ओढ्यात जाते. आमच्याकडचे ओढे ओताराच्या खाडीला आणि पुढे तामाकीच्या मुखाला मिळतात. त्यांत ईल मासे आहेत, लहान मासे आहेत. दुसरे गटार सांडपाण्याचे : न्हाणी, स्वयंपाकघर, शौचकूप यांचे पाणी यातून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. भिंतीलगतची जी जाळी मी उचलली तिला गली ट्रॅप म्हणतात, आणि ती या दुसऱ्या गटाराची आहे.

तलावाच्या पाण्यात क्लोरीन असते, काहींत मीठ असते. ते पावसाच्या गटारात सोडले तर ओढ्यातील मासे मरतात. म्हणून गाळणी धुतलेले किंवा तलाव उतरवण्यासाठी काढलेले पाणी सांडपाण्याच्या गटारातच, गली ट्रॅपमधून, सावकाश सोडायचे, असा ऑकलंडचा नियम आहे.

मग मी त्या रात्री जाळी उचलली त्यात चूक काय? चूक वेळेची आणि पाण्याची. सांडपाण्याचे गटार घरांच्या पाण्यापुरतेच रुंद असते. मुसळधार पावसात शेकडो घरांनी अंगणाचे पाणी त्यात लोटले की ते तुंबते आणि मैल्यासह सखल घरांच्या न्हाणीत किंवा ओढ्यात वर येते. म्हणूनच गली ट्रॅपचा काठ भोवतालच्या जमिनीहून उंच ठेवावा लागतो, म्हणजे पावसाचे पाणी आपणहून आत जाणार नाही. मी उचललेल्या जाळीतून जे वर आले ते मला इशारा होता.

थोडक्यात : तलावाचे पाणी पावसाच्या गटारात नको, पावसाचे पाणी सांडपाण्याच्या गटारात नको. आणि सांडव्याचा नळ कोणाला जोडायचा हे आपण ठरवू नये. येथे ते काम परवानाधारक ड्रेनलेअरचे असते आणि कौन्सिलच्या नियमाने होते. हाताने काम करण्याची हौस असलेल्या आपल्या मंडळींना हे विशेष सांगते.

६. रिकामा तलाव

पूर ओसरल्यावर तलावात गढूळ पाणी राहिले. मुलगा म्हणाला, ‘‘आई, सगळे पाणी काढून टाकतो आणि घासून घेतो.’’ मी म्हटले, ‘‘थांब, आधी एक पातेले आण.’’

तुम्हीही हा प्रयोग नातवंडांना दाखवा. मोठ्या टबात पाणी भरा आणि रिकामे पातेले त्यात तळापर्यंत दाबून धरा. हाताला किती जोर लावावा लागतो? आता पातेल्यात पाणी भरा. हात सोडला तरी ते खाली राहते. हाच आर्किमिडीजचा सिद्धांत.

ऑकलंडची चिकणमाती पावसानंतर कित्येक दिवस पाणी धरून ठेवते. तलावाभोवतीची जमीन टबासारखी भरलेली असते. आमच्या तलावाची सरासरी खोली दीड मीटर. म्हणजे ३२ गुणिले दीड, ४८ घनमीटर. भोवतालचे पाणी काठापर्यंत चढलेले असेल आणि तलाव रिकामा असेल, तर त्याला वर ढकलणारा जोर ४८ टनांच्या वजनाएवढा होतो. फायबरग्लासचा तलाव जमिनीतून होडीसारखा वर येतो, काँक्रीटचा तडकतो. आतील पाणीच तलावाला जागेवर धरून ठेवते. तळाशी दाब सोडणारी झडप बसवलेली असेल तर धोका कमी होतो. ती उघाडीसारखीच एकेरी असते, फक्त उलट दिशेची : बाहेरचे पाणी आत येऊ देते. तरीही जाणकाराला विचारल्याशिवाय तलाव पूर्ण रिकामा करू नये, आणि ओल्या जमिनीत तर मुळीच नाही. आम्ही गाळून, क्लोरीन घालून, बारा-पंधरा दिवसांत पाणी स्वच्छ केले. तोवर कोणाला उतरू दिले नाही, कारण पुराच्या पाण्यात मैला मिसळलेला असू शकतो.

वादळापूर्वी काय करावे

तीन आठवडे झाले नाहीत तोच, फेब्रुवारीच्या १२ ते १४ तारखांना गॅब्रिएल चक्रीवादळ आले. या वेळी आधीच सूचना होती आणि आमचा धडा ताजा होता. आम्ही जे केले ते क्रमाने देते.

पाऊस सुरू होण्याच्या दीड दिवस आधी, आकाश कोरडे असताना, पंपाचा दांडा ‘वेस्ट’वर ठेवून तलाव रेघेखाली ५ सेंटिमीटर उतरवला. ते १,६०० लिटर पाणी गली ट्रॅपमधून सावकाश सोडले. पंप हवा ओढणार नाही इतके पाणी स्किमरच्या तोंडात राखले. रिकामी जागा झाली १७ सेंटिमीटर, म्हणजे ५,४४० लिटर. फरशीच्या कडेने वाळूच्या पिशव्या लावून तिचे पाणी अंगणातील पावसाच्या जाळीकडे वळवले. छपराची पन्हळ साफ केली. कुंपणाखालच्या त्या नळाला घट्ट बूच बसवले. वारा वाढण्यापूर्वी, कोरडे असतानाच, पंपाचा मुख्य विजेचा स्विच बंद केला. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये हे सांगायला नकोच. खुर्च्या आत आणल्या आणि तलावाच्या कुंपणाचे फाटक लागते ना ते पाहिले.

फाटकाविषयी एक शब्द. ४०० मिलिमीटर किंवा त्याहून खोल पाणी मावणाऱ्या तलावाभोवती अडसर हवाच, आणि त्याची दर तीन वर्षांनी तपासणी होते, असा येथील कायदा आहे. २०१७ च्या आरंभापासून हे इमारत कायद्यातच आले. पाणी थोडे उतरवले म्हणून फाटक उघडे टाकू नये. लहान मुलाला गुडघाभर पाणीही पुष्कळ होते.

वादळाच्या रात्री मी दोनदा विजेरी घेऊन खिडकीतून पाहिले. पाणी चढले, पण काठाच्या खाली राहिले. सकाळी मी आधी कुंपणापाशी गेले. शेजारी पलीकडे उभे होते. त्यांनी अंगठा वर केला.

पुढे हिवाळ्यात ड्रेनलेअर मिळाला. त्या वर्षी सगळ्यांनाच तो हवा होता. त्याने सांडव्याचा नळ नियमाप्रमाणे जोडला आणि फरशीच्या कडेला जाळीची लांब पन्हळ घालून तिचे पाणी वेगळे काढले. कुंपणाखालचे ते तोंड कायमचे बंद केले. खर्च झाला. पण आता पाऊस आला की मला झोप लागते.

स्वाध्याय

१. तलाव ६ मीटर गुणिले ३ मीटर आहे. ४० मिलिमीटर पाऊस पडला. तलावात किती लिटर भर पडली?

२. त्याच तलावात बादलीच्या प्रयोगात बादलीतील घट ४ मिलिमीटर आणि तलावातील घट १० मिलिमीटर आली. रोजची गळती किती?

३. मुसळधार पाऊस चालू आहे, तलाव भरत आला आहे. पाहुणे म्हणतात, ‘‘ती भिंतीलगतची जाळी उचला ना, लगेच जाईल पाणी.’’ तुम्ही काय सांगाल?

४. आपल्या घरातील प्रत्येक सांडव्याचे दुसरे टोक शोधा : तलावाचे, गच्चीवरच्या टाकीचे, बाल्कनीचे. ते कोणाच्या दारी उघडते?

उत्तरे : पहिल्याचे ७२० लिटर. दुसऱ्याचे १०८ लिटर. तिसऱ्याचे पाचव्या भागात आहे. चौथ्याचे उत्तर पुस्तकात नाही. त्यासाठी अंगणात, गच्चीवर जावे लागेल. ज्यांच्याकडे तलाव नाही, अश्दोद किंवा ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जे राहतात, त्यांनीही हा चौथा प्रश्न सोडून देऊ नये. आपल्या टाकीचे पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत असेल, तर आपल्याला ते दिसत नाही, त्यांना दिसते.

शेजाऱ्यांच्या वाचलेल्या फोटोंपैकी एक त्यांच्या लग्नाचा आहे. कोपऱ्यात पाण्याचा डाग राहिला आहे. त्यांनी तो चौकटीत लावला आणि मला चहाला बोलावून दाखवला. मी तो डाग पाहिला. धडा लिहून काढावा असे त्या दिवशी ठरवले.